सर्कल लावण्याआधी

अगं, तुझा मेसेज वाचला. रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिसचं, म्हणजे नुसती शिक्षा न करता ज्याने त्रास दिला आणि ज्याला झाला त्यांच्याशी बोलून झालेलं नीट करायच्या पद्धतीचं, ट्रेनिंग करून आलीस आणि लगेच सोमवारी तुझ्या शाळेतल्या त्या दोन मुलांना सर्कलमध्ये, म्हणजे गोलात, समोरासमोर बसवायचं म्हणतेस, तुझी तळमळ बघून खरंच बरं वाटलं, पण जरा दमानं घे. खुर्च्या गोलात मांडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, खरं काम त्याच्या आधी होतं आणि ते कोणाला दिसतही नाही.

या पद्धतीचं एक जुनं उदाहरण बघ. १९७४ मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली होती. मार्क यँट्झी नावाच्या प्रोबेशन ऑफिसरनी जजना सुचवलं की या पोरांनी ज्यांचं नुकसान केलंय त्यांना जाऊन भेटावं, आणि जजनी ते चक्क मान्य केलं. मग दार वाजवायचं, समोरच्याचं ऐकून घ्यायचं, किती नुकसान झालं ते विचारायचं, आणि नंतर त्यांनी पैसेही भरून दिले. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं ना की हे म्हणजे पोरांना मोकळं सोडणं आहे, तर हे सांग. कोर्टात खाली मान घालून उभं राहता येतं, पण ज्याची खिडकी फोडली त्याच्या दारात तसं नाही जमत.

आता तुझं काम. समज, एका मुलाने दुसऱ्याचा चष्मा मुद्दाम तोडला. आपल्या तोंडात पहिला प्रश्न काय येतो, "का केलंस असं?" तो विचारूच नकोस, त्याने मूल एकतर गप्प बसतं नाहीतर सबबी सांगायला लागतं. काय झालं, तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं, याचा त्रास कोणाकोणाला झाला, आता हे नीट करायला काय करावं लागेल, एवढंच विचार आणि मग शांत बस, मधली शांतता भरून काढायची घाई करू नकोस. आणि ज्याचा चष्मा तुटला त्याच्याशी वेगळं बोल, आधी बोल, कारण त्याचा त्रास नुसता काचेचा नसतो, नवा चष्मा येईपर्यंत फळ्यावरचं दिसत नाही, घरी ओरडा बसलेला असतो, आणि सगळा वर्ग हसला होता हे तो सगळ्यात शेवटी सांगतो. हे आधी कळलं नाही तर तू फक्त चष्म्याचे पैसे कोण देणार यावर मीटिंग उरकशील आणि ते हसणं तसंच राहील.

ज्याला त्रास झाला तो समोर बसायला नाही म्हणाला तर? तर नाही. त्याला कारण विचारत बसू नकोस, दुसऱ्या कोणामार्फत निरोप पोचवता येतो, चिठ्ठी चालते, काहीच नको असेल तर तेही चालतं. आणि प्रकरण महिनोन्महिने चाललेल्या बुलिंगचं असेल, एक जण दुसऱ्याला बघूनच घाबरत असेल, तर समोरासमोर बसवणं म्हणजे त्या घाबरलेल्याला परत त्याच्याच तावडीत देणं आहे, यात मी अजिबात तडजोड करणार नाही. "चल, सॉरी म्हण" तर कधीच नाही.

घरच्यांना बोलवायचं का विचारलंयस. हो, बोलव. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात हेच आणलं, माओरी लोकांच्या पद्धतीवरून, मुलाबद्दल ठरवताना सगळं कुटुंब बसतं आणि मधे काही वेळ अधिकारी बाहेर जातात, घरचे आपसात बोलतात.

प्रिन्सिपलना मात्र सगळं खरं सांग. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ४४ शाळांत याचा नीट अभ्यास झालाय, २०१५ पासून दोन वर्षं. सस्पेन्शनमुळे बुडणारे दिवस कमी झाले, टीचर्सना शाळेतलं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे मार्क घसरले. हे लपवलंस तर पुढे तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मला विचारशील तर यात वेळ जातो आणि तो वेळ टाइमटेबलमध्ये आधीच द्यावा लागतो, चालू तासातून पळवून भागत नाही. आणि भांडण नसतानाही आठवड्यातून एकदा साधं सर्कल घे, म्हणजे मुलांना आपली पाळी येईपर्यंत ऐकायची सवय होते.

शेवटी जे ठरेल ते मुलांच्याच शब्दांत लिहून घे, कोण काय करणार, कधीपर्यंत, आणि परत कधी भेटायचं ती तारीख तिथेच टाक. "वागणूक सुधारीन" असलं काही लिहू देऊ नकोस, ते तपासणार कसं? बाकी सोमवारचं पुढे ढकल, आधी दोघांना वेगवेगळं भेट आणि मग मला फोन कर.