ध्येय सुटतं, ते पुन्हा धरायचं कसं?

प्रश्न: मी ३३ वर्षांची आहे. एका कंपनीत अकाउंट्स विभागात काम करते. गेल्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं त्या अवस्थेचं, निदान केलं आणि औषध सुरू झालं. पुढे बढती मिळावी म्हणून डेटा अॅनालिसिसचा ऑनलाइन कोर्स घेतला. आतापर्यंत तीनदा पहिल्यापासून सुरू केला आणि तीनदा अर्धवट राहिला. पहिले दोन-तीन आठवडे झपाटल्यासारखी करते, मग एक दिवस राहून जातो आणि सगळंच सुटतं. ऑफिसात ऐनवेळचं काम आलं की सगळे माझ्याकडे येतात, पण महिन्याचा ठरलेला अहवाल मात्र दर वेळी माझाच उशिरा जातो. घरचे मला आरंभशूर म्हणतात. क्षेत्र बदलू का? की माझ्याच्याने कुठलंच मोठं काम तडीस जायचं नाही?

उत्तर: 'एक दिवस राहून जातो आणि सगळंच सुटतं' या वाक्यात तुम्ही दुखणं कुठे आहे ते अचूक दाखवलं आहे. सुरुवात तुम्हाला जमते. कोर्स डोक्यावरून जातो असंही तुम्ही कुठे म्हटलेलं नाही. अडतं ते खाडा पडल्यानंतर. म्हणून रोज न चुकता अभ्यास कसा करावा हे मी सांगत बसणार नाही. खाडे पडणारच आहेत असं धरून, एका खाड्यानंतर दुसऱ्या दिवशी परत कसं यायचं त्याची सोय आधीच करून ठेवू.

आधी घरच्यांच्या शब्दाबद्दल थोडं. एडीएचडीच्या निदानासाठी त्याची काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत तसा निकष आहे. म्हणजे हे तिशीत अंगात शिरलेलं आळशीपण नव्हे. शाळेच्या वयापासून तुम्ही हे ओझं वागवत आला आहात आणि तेवढ्यातूनच शिकून नोकरीही टिकवली आहे. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञांनी एडीएचडीवर अनेक दशकं काम केलं. त्यांची मांडणी अशी, की काय करायचं हे या माणसांना ठाऊक असतं. ठाऊक असलेलं त्या क्षणी हातून घडत नाही. लांबचं फळ मनाला फिकं दिसतं आणि समोरचं काम सगळं लक्ष खेचून घेतं. ऐनवेळचं काम तुम्ही चोख करता आणि महिनाअखेरचा अहवाल राहतो, या दोन्ही गोष्टी त्यातूनच येतात.

यावर संकल्प आणखी पक्का करून फारसं काही साधत नाही. काम कधी आणि कुठे करायचं, हे डोक्याबाहेर काढून कागदावर ठेवावं लागतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये एक साधी रीत मांडली: 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवायचं. २००६मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा ध्येय गाठण्यावर त्याचा चांगला परिणाम दिसला. बहुतेक लोक हे वाक्य फक्त सुरुवातीसाठी लिहितात. तुम्ही दोन लिहा. पहिलं: 'संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवला की लॅपटॉप उघडीन.' दुसरं, आणि तुमच्यासाठी तेच महत्त्वाचं: 'काल राहिलं असेल, तर आज फक्त पाच मिनिटं बसेन.' पाच मिनिटांनी उठलात तरी तो दिवस झाला असं माना.

परतीची वाट सोपी करणारी आणखी एक सवय आहे. अभ्यास संपवून उठताना एक ओळ लिहून ठेवा: कुठे थांबले आणि पुढची पहिली कृती कोणती. 'कोर्स पुढे न्यायचा' असं लिहिलंत तर चार दिवसांनी त्यातून काहीच हाती लागणार नाही. 'चौथा धडा, दुसरं उदाहरण, फाइल उघडून तिसरा रकाना भरायचा' एवढं नेमकं लिहा. खंडानंतर आपण नक्की कुठे होतो हे शोधण्यातच तुमच्यासारख्यांचा जीव जातो, आणि मग पहिल्या धड्यापासून सुरू करणं सोपं वाटतं. चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणावरच चिकटवा. वहीत ठेवलीत तर वही उघडायचीही आठवण ठेवावी लागेल.

राहिलेले दिवस भरून काढायचे नाहीत, हा नियम मात्र काटेकोर पाळा. तुमच्या अकाउंट्समध्ये मागची बाकी पुढे ओढावीच लागते. इथे ती माफ करायची. तीन दिवसांचे धडे एका रात्रीत उरकायला बसलात की काम डोंगराएवढं होतं आणि त्या डोंगराला टाळण्यात आणखी आठवडा जातो. त्याच कारणाने, सलग किती दिवस झाले ते मोजणारी अॅप सध्या काढून टाका. एका चुकीला आकडा शून्यावर येतो आणि त्याबरोबर तुमचं मनही. तुम्ही फक्त परत आल्याच्या खुणा करा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवेपणा ओसरेल, हेही गृहीत धरा. तेव्हा कोर्स बदलू नका, बसायची पद्धत बदला: वेगळी जागा, व्हिडिओऐवजी स्वतःच्या कामातलाच एखादा हिशेब, किंवा कोणाच्या तरी सोबतीने बसणं. समोर कोणी आपलं काम करत शांत बसलेलं असलं की एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांना काम सुरू करणं सोपं जातं. व्हिडिओ कॉलवरही जमतं. ही सोबत शक्यतो आरंभशूर म्हणणाऱ्या माणसाची नको.

औषधाबद्दल डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: मी अभ्यासाला बसते तेव्हा त्याचा परिणाम टिकलेला असतो का? सकाळी घेतलेल्या गोळीचा असर रात्रीपर्यंत ओसरला असेल, तर तुम्ही दिवसातली सगळ्यात अवघड वेळ निवडली आहे. मग सकाळ पाहा, किंवा सुट्टीचा दिवस. डोस आपल्या मनाने हलवू नका. शिवाय औषध घेऊनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांवर स्टीव्हन सॅफ्रन यांच्या गटाने केलेला अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नियोजन आणि लक्ष यांवर बेतलेल्या सीबीटीचा, म्हणजे वर्तन-विचार उपचाराचा, स्पष्ट फायदा दिसला. तुमच्या तज्ज्ञांकडे ती सोय आहे का, विचारा.

आता क्षेत्राचं. घाईने बदलू नका. तुमची तक्रार अकाउंट्सबद्दल नाही, एकाच लांबच्या मुदतीबद्दल आहे. वरिष्ठांना सांगा, की अहवाल मी तीन टप्प्यांत देते, प्रत्येक टप्पा तुम्ही पाहा. ही मागणी कोणीही करू शकतं. त्यासाठी निदान सांगायलाच हवं असं नाही. ते सांगायचं का, हा निर्णय सावकाश घ्या, कारण एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. टप्पे करूनही सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर त्याच क्षेत्रातली कमी मुदतीची, अडचणी सोडवण्याची कामं शोधू. ऐनवेळी सगळे तुमच्याकडे येतात ही लहान गोष्ट नाही. पुढच्या बढतीच्या बोलण्यात ती उदाहरणांसह मांडा.

कोर्स चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू करू नका. तिसऱ्या वेळी जिथे सोडला तोच धडा उघडा. मागचं काही आठवलं नाही तर तेवढंच मागे जाऊन पाहा. महिन्याभराने पत्र पाठवाल तेव्हा किती धडे झाले ते लिहिलं नाहीत तरी चालेल. खाडे कधी पडले आणि प्रत्येकानंतर किती दिवसांनी परत बसलात, तेवढं मात्र नक्की कळवा. त्यावरून पुढचं ठरवू.