पहिलं बाळंतपण माहेरी, नोकरी जर्मनीत: रजेचं गणित

ताई, दारव्ह्याहून जर्मनीतल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स म्हणून जाताय, टीव्हीओडी हा युनियनचा वेतन करार लागू आहे, आणि पहिल्या वर्षातच बाळाचा विचार आहे. रजा किती, पैसे किती, बाळंतपण माहेरी जमेल का, असं विचारलंत.

मुटरशुट्झ म्हणजे बाळंतपणाची रजा: तारखेआधी ६ आठवडे, नंतर ८, जुळं असलं तर १२. पगार जवळपास पूर्ण हातात येतो. विमा दिवसाला १३ युरोपर्यंत देतो, वरचं हॉस्पिटल. एल्टर्नत्साइट ही बिनपगारी रजा, मूल ३ वर्षांचं होईपर्यंत, नवऱ्यालाही तितकीच. ती मागायची नसते, कळवायची असते, किमान ७ आठवडे आधी. पहिल्या २ वर्षांचा पूर्ण आराखडा त्यातच लिहा. एकच वर्ष लिहिलंत तर दुसरं वर्ष हॉस्पिटलच्या मर्जीवर. १ मे २०२५पासून जन्मलेल्या बाळासाठी ई-मेल चालतो.

खरी फसगत एल्टर्नगेल्डमध्ये, म्हणजे बाळ सांभाळायच्या काळात मिळणाऱ्या सरकारी भत्त्यात होते. सरकार मागच्या १२ महिन्यांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ टक्के देतं, ३०० ते १८०० युरो. भारतातला पगार त्यात शून्य धरतात. महिना २१०० युरोवर वर्ष भरलं तर ढोबळ १३६५ मिळतील. चारच महिने भरले तर १२ महिन्यांची सरासरी ७०० आणि, कमी उत्पन्नाला टक्का जास्त असल्यामुळे, हातात ५७४ च्या आसपास. म्हणून वर्षभर थांबणं परवडतं. अर्ज उशिरा केला तर मागचे ३च महिने मिळतात.

टीव्हीओडी कराराचा फायदा बारीक आहे. बाळ जन्मलं त्या वर्षाच्या शेवटापर्यंत एल्टर्नत्साइटमुळे वार्षिक बोनस कापत नाहीत, पुढच्या वर्षापासून दर महिन्याला बारावा हिस्सा जातो. पगाराची पायरी तिथेच थांबते, खाली येत नाही. नवऱ्यालाही टीव्हीओडी लागू असेल तर बाळंतपणाच्या दिवशी एक पगारी सुटी. थकबाकी ६ महिन्यांत लेखी मागा, नंतर हक्क बुडतो.

माहेरी जाणं अवघडच. जर्मन सरकारी विमा यवतमाळच्या दवाखान्याचं बिल देत नाही, बाळाला परत नेताना वेगळा व्हिसा लागतो, आणि सहसा सलग ६ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर तुमचा जर्मनीत राहण्याचा परवानाच रद्द होतो. त्यापेक्षा आईलाच बोलवा. व्हिजिट व्हिसावर ९० दिवस राहता येतं. डिंक-मेथीचे लाडू तिकडेच वळले जातील.