नसलेली गायिका आणि वाजणारा टीव्ही : वाचकांचे प्रश्न

जपानी म्युझिक व्हिडिओ आणि ध्वनियंत्रे यांवर गेल्या अंकात आलेल्या टिपणानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत तिघांनी विचारला आहे.

माझी मुलगी हात्सुने मिकु नावाच्या जपानी गायिकेची गाणी सतत ऐकते. ही गायिका प्रत्यक्षात नाहीच, असे ती सांगते. तरीही लोक तिकिटे काढून तिच्या कार्यक्रमांना जातात. मग आवाज कोणाचा आणि गाणी कोणाची? हे सारे एआयचे काम आहे का? – एक वाचक, नाशिक

आपली मुलगी खरे सांगते. हात्सुने मिकु हे एका सॉफ्टवेअरचे नाव आहे आणि त्याच्या खोक्यावर छापलेल्या, निळसर हिरव्या लांब केसांच्या मुलीचेही. साप्पोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ते ३१ ऑगस्ट २००७ रोजी बाजारात आणले. त्यामागचे व्होकलॉइड हे तंत्र यामाहाचे असून त्याच्या पायाभूत संशोधनात बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाचा सहभाग होता. आवाज मात्र माणसाचाच, साकी फुजिता या अभिनेत्रीचा आहे. तिच्याकडून गाणी गाऊन घेतलेली नाहीत; एका ध्वनीतून दुसऱ्या ध्वनीत जाताना आवाज कसा वळतो, त्याचे छोटे छोटे तुकडे ध्वनिमुद्रित करून साठवले आहेत. संगीतकार पडद्यावर स्वर मांडतो, प्रत्येक स्वराखाली अक्षर लिहितो, आणि सॉफ्टवेअर योग्य ते तुकडे उचलून, त्यांची पट्टी चढवून किंवा उतरवून, सांधा दिसणार नाही अशा बेताने ते जोडत जाते. त्यामुळे २००७ मधल्या मिकुला एआय म्हणता येणार नाही. यामाहाने व्होकलॉइडमध्ये एआयवर आधारित आवाज आणले ते २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत.

ही युक्ती जपानीत लवकर साधली याला भाषेचेही कारण आहे. जपानी अक्षरे बहुतेक आपल्या बाराखडीसारखी, म्हणजे व्यंजन आणि स्वर एकत्र असलेली, आणि जोडाक्षरे जवळजवळ नाहीत. म्हणून एका पट्टीसाठी इंग्रजीला सुमारे २,५०० तुकडे लागतात, तेथे जपानीचे काम सुमारे ५०० तुकड्यांत भागते. जाता जाता सांगायचे तर, जपानी मुले अक्षरे ज्या क्रमाने घोकतात तो अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न हा क्रमही बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातूनच आलेला आहे.

आता गाणी कोणाची, हा प्रश्न. ती ज्याची त्याची आहेत. आवाज म्हणाल तर सुरुवातीची मिकु आजही कानाला थोडी पत्र्यासारखी वाटते. तिची खरी गंमत परवानगीत आहे. नफ्याचा हेतू नसेल तर काही अटी पाळून तिचे चित्र कोणीही काढावे, नाचवावे, बदलावे, अशी मुभा कंपनीने दिली. सॉफ्टवेअर बाजारात आल्यावर आठवडाही लोटला नव्हता, तोच एका हौशी माणसाने तिच्याकडून फिनलंडचे एक लोकगीत गाऊन घेतले आणि सोबतच्या चित्रफितीत तिच्या हातात पातीचा कांदा दिला. तो कांदा आजतागायत तिच्या हातून सुटलेला नाही. २००८ मध्ये यु हिगुची यांनी मिकुमिकुडान्स हे त्रिमितीय अ‍ॅनिमेशनचे सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध करून दिले आणि घरबसल्या व्हिडिओ करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. आज स्वतःच्या आवाजात गाणारे लोकप्रिय गायक केन्शी योनेझु हे याच वाटेने आले. ‘हाची’ या नावाने ते मिकुची गाणी रचत आणि त्यांचे अ‍ॅनिमेशनही स्वतः काढत.

रंगमंचावर दिसते त्याला होलोग्राम म्हणण्याची चाल पडली आहे, ती चुकीची आहे. त्या कार्यक्रमांत एका पारदर्शक पडद्यावर मिकुचे चित्र प्रक्षेपित केलेले असते आणि वादक मात्र तेथे हजर राहून वाजवतात. २०१० मध्ये टोकियोत असा कार्यक्रम झाला तो मुद्दाम ९ मार्चला, कारण तिसऱ्या महिन्यातल्या ३ चा ‘मि’ आणि तारखेतल्या ९ चा ‘कु’.

अनेक माणसे वेबकॅमसमोर छोट्या छोट्या चौकटींत बसून मिळून एकच चित्र रंगवतात, असा एक जपानी व्हिडिओ पाहिला. तो टाळेबंदीच्या काळातला असावा का? – एक वाचक, कोल्हापूर

वर्णनावरून तो सावर या टोकियोतील बँडच्या ‘हिबी नो नेइरो’ या गाण्याचा व्हिडिओ असावा, आणि तो टाळेबंदीच्या बराच आधीचा, २००९ चा आहे. मासाशी कावामुरा यांच्यासह चौघांनी त्याचे दिग्दर्शन केले. त्यातली माणसे म्हणजे देशोदेशी विखुरलेले बँडचे चाहते, आणि सारे चित्रण केवळ वेबकॅमने झाले आहे. शेजारच्या चौकटीत काय चालले आहे हे पाहून अभिनय करण्याची सोय त्यात नाही. कोणत्या ठोक्याला हात कोठे न्यायचा, मान कोणीकडे वळवायची, हे आधी बिनचूक ठरवावे लागते. अखेरीस सगळ्या चौकटी जुळवल्या, की लाट एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेल्यासारखी दिसते. महागड्या कॅमेऱ्याची उणीव त्यात कोठेही भासत नाही. ‘नेइरो’ या शब्दातला ‘ने’ म्हणजे ध्वनी आणि ‘इरो’ म्हणजे रंग. हात्सुनेमधला ‘ने’ही तोच.

टाकाऊ टीव्ही तबल्यासारखा वाजवणारा एक जपानी कलाकार आहे, असे ऐकले. आमच्या माळ्यावर जुना टीव्ही आहे. हा प्रयोग घरी करता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

ते एइ वादा. एकदा आवाजाची वायर चुकून टीव्हीच्या चित्राच्या खाचेत खोचली गेली आणि पडद्यावर पट्टे उमटले. मग उलट पट्ट्यांमधूनच आवाज काढता येईल, असे त्यांच्या डोक्यात आले. जुन्या टीव्हीच्या काचनळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत जपानी पद्धतीत सेकंदाला ६० वेळा वरून खाली फिरतो. पडद्यावर सात आडवे पट्टे असतील, तर काचेजवळचा विद्युतभार सेकंदाला ७ गुणिले ६०, म्हणजे ४२० वेळा कमीजास्त होतो. काचेवर हात ठेवला की शरीर अँटेनासारखे ते कंपन टिपते आणि वायरीतून गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला पोचवते. पट्टे वाढवले की स्वर चढतो. असे टीव्ही ओळीने मांडून ते त्यांच्यावर थापा मारत वाजवतात. जपानच्या बहुतेक भागात जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण जुलै २०११ मध्ये थांबले, तेव्हा असे संच अडगळीत गेले आणि वादांची वाद्ये वाढली. पुढे त्यांनी टेबलफॅन आणि दुकानातले बारकोड वाचक यांनाही बोलते केले.

आपण मात्र कृपया हे करू नये. रंगीत टीव्हीच्या काचनळीला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही आत भार शिल्लक राहू शकतो. मागचे झाकण उघडण्याचा मोह तर मुळीच नको.

गणपतीच्या मिरवणुकीतला आमचा बेंजो जपानी आहे, असे एका पाहुण्याने सांगितले. खरे की थाप? – एक वाचक, चिपळूण

पाहुणे बरोबर आहेत. नावावरून अमेरिकी बँजोची आठवण येते, परंतु टंकयंत्रासारखी बटणे दाबून तारा वाजवण्याचे हे वाद्य म्हणजे नागोया शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतोचा वंशज आहे. सामान्य माणसाला घरी सहज वाजवता यावे म्हणून तारवाद्याला टंकयंत्राच्या कळा जोडण्याची कल्पना त्यांची. तेच वाद्य आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झाले, आणि त्याला विजेचा पिकअप लावून कोकणात व मुंबईत बेंजो पार्टीने रस्त्यावर आणले. त्याच्याशेजारी उभा राहून जो ऑक्टोपॅड वाजवतो, त्याच्यापुढचे यंत्रही जपानीच. रोलँड कंपनीने ते १९८५ मध्ये काढले.