रक्ताच्या चाचणीत ऑटिझम कळतो का?

प्रश्न: नातू अडीच वर्षांचा. हाकेला ओ देत नाही, मिक्सरचं झाकण फिरवत बसतो. रक्त-केस-लघवी तपासून ऑटिझम सांगतात म्हणे. तपासावं का? – एक आजी, इंदूर

उत्तर: आजी, नको. तेवढ्या पैशात घरादाराला सराफ्याच्या खाऊगल्लीत जिलबी होईल! काही ऑटिस्टिक मुलांच्या रक्तात सेरोटोनिन (शरीरातलं एक संदेशवाहक रसायन) जास्त असतं, हे १९६१पासून ठाऊक आहे. पण सगळ्यांच्या नाही. म्हणून त्यावरून निदान होत नाही. ते आजही वागणं पाहूनच होतं. झाकणाचं चित्रण मोबाइलवर करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. केसांत ‘पारा’ दाखवून कुणी चिलेशन (औषध देऊन शरीरातले धातू बाहेर काढायचा उपचार) सुचवलं, तर सरळ उठून या. त्यात २००५मध्ये अमेरिकेत एक मूल दगावलंय. आधी कान तपासून घ्या, आणि स्पीच थेरपीसाठी निदानाच्या कागदाची वाट पाहू नका.