गेम चालू असतानाच हुकूम सोडायचा तर

प्रश्न : खासबाग मैदानावरचा कुस्तीचा गेम पायगेममध्ये (पायथनमधून गेम लिहायची लायब्ररी) करतोय. पैलवानाचा दम चालू गेममध्येच बदलावा म्हणून ‘इनपुट’ (टाइप केलेली ओळ वाचणारं फंक्शन) लावलं, तर खिडकीच गोठली. (राजारामपुरी)

‘इनपुट’ एंटर दाबेपर्यंत सगळं अडवून धरतं. तेवढा वेळ गेम चालवणारा मुख्य लूप थांबतो, इव्हेंट (की दाबली वगैरे सूचना) कुणी उचलत नाही, मग खिडकी गोठणारच. कन्सोल, म्हणजे हुकूम टाइप करायची जागा, लूपच्या आतच बसवा. ‘टेक्स्टइनपुट’ इव्हेंटमधली अक्षरं एका स्ट्रिंगला (मजकुराच्या ओळीला) जोडत जा, एंटर आणि बॅकस्पेस ‘कीडाउन’मध्ये पकडा. आखाडा, पैलवान सगळं काढून झालं की शेवटी वर काळसर पट्टी मारून त्यावर स्ट्रिंग उमटवा. बॅकटिकने (` या कीने) कन्सोल उघडलात तर पहिलं अक्षर तोच बॅकटिक पडेल, कारण एकाच दाबण्यातून दोन्ही इव्हेंट येतात. तेवढा गाळा.

प्रश्न : कन्सोलमध्ये लिहिलेली ओळ थेट ‘एक्झेक’ला (मजकूर पायथन कोड म्हणून चालवणारं फंक्शन) दिली तर? (इचलकरंजी)

स्वतःपुरतं चालेल, पण पायथनसोबतच येणारं ‘कोड’ मॉड्यूल त्याहून कितीतरी चांगलं. त्यातल्या ‘इंटरॅक्टिव्हकन्सोल’ला गेममधल्या वस्तूंची डिक्शनरी (नाव आणि त्याची वस्तू अशा जोड्या) द्या आणि एकेक ओळ ‘पुश’ करा. ‘फॉर’सारखी अर्धवट ओळ असली की ‘पुश’ ‘ट्रू’ परत देतं. मग पुढची ओळ मागायची. ट्रेसबॅक (चूक कुठे झाली त्याचा तपशील) त्याच्या ‘राइट’मधून येतो, ते ओव्हरराइड करून, म्हणजे त्याजागी आपलं फंक्शन लिहून, पट्टीवर आणा. ‘प्रिंट’चं आउटपुट मात्र वेगळं वळवावं लागतं.

हा कन्सोल खेळणाऱ्यांच्या हातात मात्र अजिबात देऊ नका. अख्खं पायथन म्हणजे फाइली उडवण्याचीही मुभा. ‘बिल्टिन्स’ (पायथनची अंगभूत फंक्शनं) काढले की झालं, असं सांगणारे भेटतील. त्यांच्यावर विसंबू नका. खेळणाऱ्यांसाठी ठरावीक हुकुमांची डिक्शनरी करा. ‘दम 80’ आलं की ओळ तोडायची, ‘दम’चं फंक्शन शोधायचं, 80 हा आकडाच आहे ना ते तपासायचं. बाकी काहीही आलं तर ‘असा हुकूम नाही’.

प्रश्न : ‘चितपट’ लिहिलं की वेलांटी भलतीकडेच जाते. (गडहिंग्लज)

फॉन्ट देवनागरीचा घेतलात, तरी अक्षरांची जुळणी आपोआप होत नाही. पायगेम-सीई (पायगेमचीच वेगळी आवृत्ती) घ्या आणि फॉन्टच्या ‘सेट_स्क्रिप्ट’ला देवनागरीचा चार अक्षरी लिपी-कोड द्या. आपल्या पोरांनी मराठीत हुकूम सोडावेत, म्हणून एवढी खटपट जरूर करा.

प्रश्न : कन्सोलमध्ये टाइप करताना पैलवानही पळतो! (गारगोटी)

हालचालीसाठी ‘गेट_प्रेस्ड’ वापरलं असणार. ते कीबोर्डची स्थिती थेट वाचतं, इव्हेंट अडवून उपयोग नाही. कन्सोल उघडा असेपर्यंत हालचालीचा तो भागच वगळा.