माडाखालचं जळकं ऑइल

प्रश्न : होडीच्या इंजिनाचं जळकं ऑइल माडाच्या आळ्याशेजारी सांडलं. तिथे गवतसुद्धा उगवत नाही. जिवाणूंची बाटली मागवू का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : बाटलीचे पैसे वाचवा. तेल खाणारे स्युडोमोनाससारखे जिवाणू मातीत असतातच. त्यांना हवा, ओल आणि नत्र लागतं. काळा थर खरवडून प्लॅस्टिकवर पसरा, तोही छपराखाली; नाहीतर पहिल्याच सरीला सगळं विहिरीत! कुजलेलं शेणखत मिसळा, अधूनमधून फावड्याने उलथा. काही महिने जातील. (शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्तींनी प्रयोगशाळेत घडवलेल्या तेलखाऊ जिवाणूच्या पेटंटावर १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आपलं काम शेणावर भागतं.) मात्र ऑइलमधलं शिसं, जस्त जिवाणूंना पचत नाही. त्या मातीत अळू-माठ लावायचा मोह नको.