तिच्याशी मराठीत बोल, इंग्रजीचं अमेरिका बघून घेईल

न्यू जर्सीहून एका सोलापूरच्या लेकीचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे, प्रश्न सहा आहेत आणि मला त्यातला एकच महत्त्वाचा वाटतो. उरलेल्या पाचांना शेवटी उभ्या उभ्या उत्तरं देते.

हकिकत अशी. नवरा अमेरिकन नागरिक, ही ग्रीनकार्डवर, नऊ वर्षांचा एक मुलगा. दत्तक घ्यायचं ठरलं, तिथल्या एजन्सीमार्फत भारताच्या दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नोंदणी झाली, घरी येऊन चौकशी झाली, अहवाल गेला. विशेष गरजा असलेल्या मुलांमध्ये त्यांना एक तीन वर्षांची मुलगी सापडली, आणि योग असा की संस्था आपल्या सोलापूर जिल्ह्यातलीच. मुलीचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेला. ओठाचं ऑपरेशन झालंय, टाळूचं राहिलंय. दोघांनी विचार करून होकार दिला. इथवर मला नुसतं कौतुक आहे.

पुढे ती लिहिते: “मावशी, स्पीच थेरपीसाठी मी आत्तापासूनच नंबर लावून ठेवलाय. आमच्या घरात इंग्रजीच चालतं, कारण मुलाला मराठी समजतं पण बोलता येत नाही. तिला आधीच बोलायचा त्रास, त्यात दोन भाषा म्हणजे तिचा गोंधळ उडेल. म्हणून पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजी, असं आम्ही ठरवलंय. बरोबर आहे ना?”

नाही गं बाई. मुळीच बरोबर नाही.

गोरे आईबाप भारतातून मूल घेऊन जातात तेव्हा एका विमानप्रवासात त्या मुलाच्या कानावरचं सगळं बोलणं बदलतं. तेवढं लहान मूल आपली भाषा बघता बघता विसरतं, कारण ती बोलणारं भोवती कुणी उरत नाही. त्या आईबापांचा इलाज नसतो. बिचारे ‘पाणी’, ‘भूक’, ‘झोप’ असे चार शब्द कागदावर लिहून घेतात आणि तेवढ्यावर पहिले महिने काढतात. तुझ्याकडे अख्खी भाषा आहे, अंगाई आहे, रागवायची पद्धत आहे, लाडाची नावं आहेत. आणि तू ठरवून मुकी होणार?

शिवाय भाषांचा गोंधळ होतो हे सोलापूरच्या मुलीने म्हणावं? आमचं घर साखर पेठेत होतं. खाली पद्मशाली कुटुंब, त्यांच्या घरात तेलुगू. समोरचे अक्कलकोटकडचे, त्यांचं कन्नड. कोपऱ्यावरचा दुकानदार त्याच्या खास सोलापुरी हिंदीत हिशेब सांगायचा. आम्ही पोरं विटीदांडूच्या एका डावात तीन भाषांमध्ये भांडायचो आणि घरी येऊन चौथीत मार खायचो. आमच्यातला एक मुलगा अडखळत बोलायचा. तो तिन्ही भाषांत अडखळायचा. त्याची एखादी भाषा कमी केली असती तर तो सुटला असता, असं त्याच्या आईला कधी वाटलं नाही. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती, तरी तिला जे कळत होतं ते तुम्हा शिकलेल्यांना कसं कळत नाही?

तुझ्या लेकीची अडचण टाळूत आहे, भाषेत नाही. प, ब, त, द, क, ग हे उच्चार करायला तोंडात हवा कोंडावी लागते. टाळू उघडा असला की ती हवा नाकावाटे निसटते आणि उच्चार फुसका निघतो. म आणि न मात्र तिला येत असतील, कारण त्यांची हवा मुळातच नाकातून जाते. बाकीच्या उच्चारांच्या जागी अशी मुलं घशातून काहीतरी आवाज काढायला शिकतात, आणि ती सवय ऑपरेशननंतरही सुटत नाही, ती सोडवायला थेरपी लागते. टाळूचं ऑपरेशन साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. तिला उशीर झालाय, म्हणजे थेरपी जरा जास्त काळ चालेल, एवढं मनात धरून चाल. पण ‘प’साठी ओठ कसे मिटायचे हे ती ‘पापड’वर शिकली काय किंवा ‘पेपर’वर शिकली काय, ओठ तेच. दोन भाषा ऐकल्याने वाचेचा दोष निर्माण होत नाही आणि वाढतही नाही, हे थेरपिस्टच सांगतात. तुला कुणी उलटं सांगितलं असेल तर दुसऱ्या थेरपिस्टला विचार.

आणखी एक बघ. ती तीन वर्षांची आहे, म्हणजे तिच्या बोलण्या-समजण्याच्या तपासणीची जबाबदारी आता तुमच्या शाळा-जिल्ह्याकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे, येते. समज, तिला शंभर मराठी शब्द कळतात आणि कुणीतरी तिच्यापुढे इंग्रजी चित्रांचं पुस्तक धरलं. उत्तर शून्य. कागदावर लागेल ‘बुद्धीची वाढ कमी’, आणि असा शिक्का पुसायला फार वर्षं जातात. अमेरिकेचा कायदाच म्हणतो की शक्य असेल तिथे मुलाची तपासणी त्याच्या स्वतःच्या भाषेत व्हावी. तशी मागणी कर, आणि लेखी कर. त्याआधी कान तपासून घे. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. हाक मारल्यावर वळत नाही म्हणून पोर हट्टी ठरते, आणि बिचारीला ऐकूच आलेलं नसतं.

आता ऑपरेशनचा दिवस डोळ्यांपुढे आण. सकाळपासून पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही. अनोळखी मास्कवाले लोक. जाग येते तेव्हा तोंडात टाके, आणि हात तोंडाकडे नेऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी कोपरांना पट्ट्या बांधतात. नवीन आई शेजारी बसून म्हणतेय, “यू आर ओके, स्वीटी.” अगं, तिला काय कळणार? तिला आदल्या दिवशीच सांगायला हवं की उद्या भूक लागेल पण खायचं नाही, डॉक्टर तोंडातलं भोक शिवणार, मग दुखेल, मग कमी होईल, आणि आई इथेच बसलेली असेल. कळत्या भाषेत सांगितलं तरी मूल रडतं, पण त्या रडण्याला निदान अर्थ असतो.

माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. ती इंग्लंडमध्ये असते, तिने महाराष्ट्रातूनच एक मुलगा दत्तक घेतला, पाय जन्मतः आत वळलेले. दर आठवड्याला पाय थोडा थोडा सरळ करून नवं प्लास्टर घालायचं, अशी ती ट्रीटमेंट असते. एकदा हा प्लास्टर रूममध्ये असा आकांत करायला लागला की नर्स दुखण्याचं औषध आणायला धावली. बहिणीने कान देऊन ऐकलं. पठ्ठ्याचं काही दुखत नव्हतं. “माझी गाडी भायेर राह्यली!” म्हणून तो रडत होता. गाडी आणून हातात दिली, गप्प झाला. तिला मराठी येत नसतं तर त्या दिवशी पोराच्या पोटात फुकट औषध गेलं असतं. आज तो मुलगा कॉलेजात आहे. त्याची मराठी यॉर्कशायरच्या हेलात चालते, पण चालते. आणि इंग्रजी? ते त्याला कुणी शिकवलं कुणाला आठवतसुद्धा नाही. शाळा, टीव्ही, बागेतली पोरं यांनी काम केलं. तुझ्याकडेही हेच होणार, तेव्हा इंग्रजीची काळजी अमेरिकेवर सोड.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घे. मुलगी सोलापूरकडची आहे म्हणून तिची भाषा मराठीच असेल असं धरून चालू नकोस. तिला सांभाळणाऱ्या मावशी घरी तेलुगू बोलणाऱ्या असतील, कन्नड असतील, तर लाडाचे शब्द त्यांचेच तिच्या तोंडी बसलेले असणार. संस्थेत जाशील तेव्हा फाईल बाजूला ठेव आणि त्या मावश्यांजवळ बस. शू लागली की ती काय म्हणते? घाबरली की कुणाला हाक मारते? झोपताना काय ऐकते? भाकरी दुधात कुस्करून देतात की आमटीत? पातळ पदार्थ नाकातून येतात तेव्हा त्या काय करतात? वैद्यकीय अहवालात यातलं काही नसतं. संस्थेने परवानगी दिली तर मावशीच्या आवाजातली अंगाई फोनवर टिपून घे, आणि मुलीचं बोलणंही, थेरपिस्टला ते सोन्यासारखं. पण ते तुझ्या फोनमध्येच राहू दे. नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकायची तुला केवढी घाई आहे ते पत्रात दिसतंय. दत्तकाचा आदेश होईपर्यंत हात आवर, मुलांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे.

मुलाचं म्हणशील तर तो नऊ वर्षांचा आहे, मराठी समजतं. बहिणीसाठी त्याने ‘ये’, ‘बस’, ‘हे घे’ एवढं सुरू केलं तरी पुष्कळ. ती त्याच्याकडून इंग्रजी शिकेल आणि हा तिच्यामुळे मराठी बोलायला लागेल. तू जे नऊ वर्षांत केलं नाहीस ते ती पोर सहा महिन्यांत करेल. लागलं का? लागू दे थोडं.

आता सासूबाई. “त्या म्हणतात, दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं, त्यात दुखणाईत. आपल्याकडे असं कुणी केलेलं नाही.” त्यांना सांग, आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला. त्यांच्या आजेसासूबाईंच्या काळातली गोष्ट आहे ही, अमेरिकेत शिकून आलेलं फॅड नव्हे. पण खरं सांगू, वाद घालूच नकोस. त्यांना काम दे. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात बसून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नातीशी पंधरा मिनिटं बोलायचं, चिऊ-काऊ म्हणायचं, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत काय काय आलं ते सांगायचं, यात्रेतले नंदीध्वज दाखवायचे. त्यांच्यासारखी शुद्ध सोलापुरी तुला न्यू जर्सीत पैसे देऊनही मिळायची नाही.

“तिला दत्तक असल्याचं कोणत्या वयात सांगावं?” तीन वर्षांची आहे ती, तिला संस्था आठवतेय. सांगायचं काय त्यात? घरात त्याबद्दल पहिल्यापासून मोकळं बोला, म्हणजे झालं.

“कागद कधी संपतील?” ते मी कोण सांगणार? ‘कारा’चं ना हरकत पत्र, दत्तकाचा आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा, या क्रमाने चाललंय ना ते एजन्सीला विचार. दत्तक मुलांसाठीच्या आयएच-३ व्हिसावर आली तर अमेरिकेत प्रवेश होताच ती नागरिक होते. पुढे दोन वर्षं समाजसेविकेच्या भेटी आणि अहवाल असतात, त्यांना पोलीस समजू नका.

आणि ते भावाच्या ओळखीच्या डॉक्टरांचं: “कशाला एवढी उठाठेव, दवाखान्यातूनच धडधाकट बाळ मिळवून देतो.” या माणसाचा फोन पुन्हा उचलू नकोस. कायदेशीर मार्ग सोडून मूल देणं-घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. भावालाही हे वाचून दाखव.

राहता राहिला आरोग्य विमा, “आधीचं दुखणं म्हणून नाकारतील का?” तुम्हाला विमा नवऱ्याच्या नोकरीतून आहे असं लिहिलंयस. अशा विम्यात दत्तक मुलाचं नाव मधेच घालता येतं, दुखणं आधीचं असलं तरी. मात्र अर्ज मूल ताब्यात आल्यापासून किंवा दत्तक झाल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. त्या दिवसांत तुला झोपायलाही वेळ मिळणार नाही, तेव्हा तो फॉर्म नवऱ्याकडून आत्ताच भरवून ठेव, फक्त तारीख घालायची बाकी राहू दे.